घरचा कॉम्प्युटर रखडतोय? आधी डिस्कचा आकडा बघा, मग पाकिटाला हात घाला

'जरा आमचा कॉम्प्युटर बघतोस का, फार स्लो झालाय' असं म्हणत जो कॉम्प्युटर समोर ठेवला जातो, तो बहुतेक घरांत एकाच साच्यातला असतो. २०१६ ते २०२० च्या दरम्यान घेतलेला लॅपटॉप, नाहीतर दुकानातून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप. आत विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. घेताना दुकानदाराने तो 'एक टीबी'चा आकडाच मोठ्या कौतुकाने सांगितलेला असतो. लॉकडाउनमध्ये मुलांचे वर्ग त्यावर झाले, मग कुणी टॅली टाकलं, कुणी प्रिंटर जोडला, आणि आता बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी डेस्कटॉपवरचे आयकॉन गोळा होतच असतात.

हा लेख अशा कॉम्प्युटरसाठी आहे. नव्याकोऱ्या मशिनला यातलं निम्मं लागू पडणार नाही. शोधलं तर 'स्पीड वाढवण्याच्या २५ युक्त्या' छापाचे सल्ले ढिगाने मिळतात, आणि त्यातल्या वीसेक युक्त्यांनी काडीचा फरक पडत नाही. कारण अडलंय कुठे हे न बघताच उपाय सुरू होतात. म्हणून पहिलं काम मोजमापाचं.

पंधरा मिनिटं नुसतं बघा

कॉम्प्युटर सुरू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीशीच खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वरच्या ओळीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क यांचे टक्के दिसतील. ही खिडकी उघडी ठेवून नेहमीचं काम करा: क्रोम उघडा, चार टॅब काढा, वर्डची फाइल उघडा. जिथे गाडी अडकते तिथे कोणता आकडा वर जाऊन चिकटतो ते कागदावर लिहून ठेवा.

डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर 'परफॉर्मन्स' या टॅबवर जाऊन डावीकडे डिस्कवर क्लिक करा. २०२० नंतरच्या विंडोजमध्ये तिथेच 'एचडीडी' (फिरत्या चकतीची हार्ड डिस्क) की 'एसएसडी' (चकती नसलेली, वेगवान डिस्क) हेही लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर बहुधा एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. डिस्क शंभर टक्के कामात आहे, पण वाचण्याचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच. लोकांना वाटतं व्हायरस आला. तसं नसतं. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते, लॅपटॉपमध्ये सहसा मिनिटाला ५४०० फेरे, आणि एक दांडी तिच्यावर इकडून तिकडे जाऊन माहिती उचलते. एखादा सिनेमा सलग वाचायचा असेल तर ही डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज देते. पण विंडोज सुरू होताना लागतात त्या चकतीभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली. प्रत्येक उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला फार तर शंभर उड्या. एका उडीत ४ केबी हाती लागले तर सेकंदाला अर्धा एमबीही होत नाही. बाकी सगळा कॉम्प्युटर या दांडीची वाट बघत बसलेला असतो.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. इथे एक गफलत होते ती समजून घ्या. रॅम म्हणजे चालू कामं ठेवायची तात्पुरती जागा. ती भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. त्यामुळे रॅमची कमतरता डिस्कच्या आकड्यात दिसते. दोन्ही आकडे एकत्र वर असतील तर दोन्हींचा विचार करावा लागेल.

सीपीयू वर असेल तर त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा, जास्त खाणारा प्रोग्रॅम सगळ्यात वर येईल. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' असेल तर अपडेट चालू आहे, 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' असेल तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस तपासणी करतोय. दोन्ही वेळा तासभर कॉम्प्युटर चालू सोडून द्या. आठवड्यातून एकदाच सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरवर ही कामं साचतात आणि नेमकी तुम्ही बसलात की सुरू होतात.

तिन्ही आकडे खाली आहेत आणि फक्त वेबसाइट हळू उघडताहेत? मग दोष इंटरनेटचा आहे. त्याच वायफायवर मोबाइल लावून बघा. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर राउटर जवळ असताना ५ वालं वापरा.

डिस्क एचडीडी असेल तर पुढे जाण्याआधी आणखी एक तपासणी. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे छोटं मोफत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरून उतरवा. ते डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतं. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' असं पिवळ्या रंगात आलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मरणाऱ्या डिस्कवर साफसफाई करत बसलात तर ती त्या कष्टातच जाते.

शट डाउन आणि रिस्टार्ट यांत फरक आहे

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलली जाते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. अडकलेले ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर), अर्धवट राहिलेली अपडेट्स सगळं तसंच पुढे चालत राहतं. आठवड्यातून एकदा मुद्दाम 'रिस्टार्ट' करा. फुकटचा उपाय आहे.

सुरुवातीलाच घुसणारी मंडळी

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप अ‍ॅप्स' हा टॅब आहे. कॉम्प्युटर सुरू होताच जे प्रोग्रॅम आपोआप उघडतात त्यांची ही यादी. शेजारी 'हाय', 'मीडियम', 'लो' असा त्यांचा भार लिहिलेला असतो. नको त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल'. यात प्रोग्रॅम काढून टाकला जात नाही, तुम्ही उघडलात तर उघडतोच. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

झूम, टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर, प्रिंटरबरोबर आलेली 'शाई मागवा' छापाची सॉफ्टवेअर, व्हिडिओ प्लेअरचे अपडेटर हे सगळे बंद करा. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचं सॉफ्टवेअर जीएसटी किंवा टेंडरसाठी टाकलेलं असतं. महिन्यातून एकदा लागत असेल तर तेही बंद ठेवून त्या दिवशी हाताने सुरू करता येतं. ठेवायचे ते आवाजाचे ड्रायव्हर, टचपॅडचं सॉफ्टवेअर, 'विंडोज सिक्युरिटी', आणि तुम्ही मराठी टाइप करायला जे साधन वापरता ते. वनड्राइव्हबद्दल विचार करून ठरवा. त्यावर तुमचे फोटो चढत असतील तर राहू द्या, नुसतंच लॉगइन मागत बसत असेल तर बंद करा.

यानंतर 'सेटिंग्ज'मधल्या 'अ‍ॅप्स'च्या यादीत जा आणि वर्षभरात हात न लावलेलं सगळं अनइन्स्टॉल करा. लॅपटॉपबरोबर आलेल्या चाचणी-आवृत्त्या, मुलाच्या दहावीच्या अभ्यासक्रमाची सीडी, जुन्या डोंगलचं सॉफ्टवेअर, सगळंच.

अँटिव्हायरस एकच, 'क्लीनर' एकही नको

मुदत संपलेला अँटिव्हायरस हा अनेक घरांतला छुपा खादाड आहे. लॅपटॉपबरोबर काही महिन्यांसाठी मोफत आलेला असतो, नंतर नूतनीकरण होत नाही, पण तो प्रत्येक फाइल तपासत आणि दर तासाला पैसे मागत बसून राहतो. तो काढा. काढला की विंडोजचा 'डिफेंडर' आपोआप जागा होतो आणि घरगुती वापराला पुरेसा आहे. पैसे भरून घेतलेला दुसरा अँटिव्हायरस असेल तर खुशाल ठेवा, पण दोन एकत्र नकोत.

'रजिस्ट्री क्लीनर', 'पीसी बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' या जातीच्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत स्वच्छ आहे: टाकूच नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, हजार निरुपयोगी नोंदी काढून वेग वाढत नाही, चुकीची एक नोंद गेली तर मात्र विंडोज बिघडू शकतं. मायक्रोसॉफ्टही असल्या साधनांना पाठिंबा देत नाही. आणि नामांकित असलं म्हणून सुरक्षित असतं असंही नाही. २०१७ साली सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती लाखो कॉम्प्युटरवर उतरली होती.

ब्राउझरमध्ये अचानक भोंगा वाजून 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो वेब पेजचा खेळ असतो. फोन करू नका, ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. कुणी फोन करून रिमोटने आत शिरून पैसे काढलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची. यात जितका उशीर तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

खरा संशय असेल तर 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यात 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. विशेषतः दुकानदाराने 'टाकून दिलेलं' विंडोज असेल तर हे कराच. चोरून सक्रिय केलेल्या विंडोजमध्ये अपडेट आणि डिफेंडर मुद्दाम बंद केलेले सापडतात, आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याची कमाई करून देणारे मायनर (आभासी चलन तयार करणारे प्रोग्रॅम) सीपीयू खात बसतात.

ब्राउझर

४ जीबीच्या मशिनवर रॅम सगळ्यात जास्त ब्राउझरच खातो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' आहे, तिथे 'मेमरी सेव्हर' चालू करा. न बघितलेले टॅब झोपी जातात. एजमध्ये हीच सोय 'स्लीपिंग टॅब्ज' या नावाने आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली छोटी पुरवणी) किती रॅम खातंय ते कळतं. एक्स्टेंशन्सची यादी उघडा, कशासाठी टाकलं होतं हे आठवत नसेल ते काढा. ब्राउझरच्याच सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम' या भागात ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी असते, ती काढून घ्या. एजमध्ये तिथेच 'स्टार्टअप बूस्ट' आहे, तोही ४ जीबीवर नको.

कोपऱ्यात सारख्या जाहिराती उगवत असतील तर तो सहसा व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्या तरी साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून ती परवानगी काढा.

सी ड्राइव्ह लाल, डी आणि ई रिकामे

असेंबल केलेल्या डेस्कटॉपचं हे खास दुखणं. १ टीबीचे चार भाग पाडलेले असतात, त्यात सी फक्त १०० जीबीचा. डाउनलोड, डॉक्युमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेलं सगळं सीमध्येच जातं, तो भरून लाल होतो, आणि डी-ई मोकळे पडून राहतात. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी, नाहीतर अपडेट अडकतात आणि रॅमचा ओव्हरफ्लो ठेवायलाही जागा राहत नाही.

आधी सफाई. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज', 'टेंपररी फाइल्स'. यादीतल्या बहुतेक गोष्टी बेलाशक पुसा, पण 'डाउनलोड्स'समोरची खूण आधी बघा. अनेकांनी बँकेची स्टेटमेंट्स आणि मुलांचे निकाल तिथेच ठेवलेले असतात. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ते कित्येक जीबीचं असतं. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर पुसायला हरकत नाही. त्याच पानावरचा 'स्टोरेज सेन्स' चालू केला की पुढची सफाई आपोआप होत राहते. रिसायकल बिन रिकामा करायला विसरू नका.

मग स्थलांतर. डी ड्राइव्हवर 'डाउनलोड्स' नावाचा नवा फोल्डर करा. सीमधल्या डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन' हा टॅब, 'मूव्ह', आणि नव्या फोल्डरकडे बोट दाखवा. फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडू नका, नंतर निस्तरणं कटकटीचं होतं. पिक्चर्स आणि व्हिडिओज यांचंही असंच करता येतं.

डीफ्रॅगमेंटबद्दल विचारणारे अजून भेटतात. हार्ड डिस्क असेल तर विंडोज ते स्वतःच आठवड्याला करतं. एसएसडीवर त्याची गरज नाही, तिथे विंडोज त्याऐवजी 'ट्रिम' ही पुसलेली जागा मोकळी करणारी आज्ञा चालवतं. बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर एसएसडीवर वापरू नका, विनाकारण ती झिजते.

दिखाऊपणा कमी

स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' असं शोधा, 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' येईल. तिथे 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं की सजावटीच्या यादीतल्या सगळ्या खुणा जातात. त्यातल्या दोन परत लावा: फोटोंची छोटी चित्रं दाखवणारी, आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी. ही दुसरी खूण काढली तर मराठी मजकुरातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं दातेरी दिसायला लागतात, वाचवत नाही. वेगात फरक थोडाच, पण जुन्या मशिनवर जाणवतो.

धूळ, उष्णता आणि चार्जर

सुरुवातीला ठीक चालतो, अर्ध्या तासाने मंदावतो, पंखा घरघरतो: ही उष्णतेची लक्षणं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूचा 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' शेजारी बघा. काम भरपूर चालू असताना बेस २.४ गिगाहर्ट्झ आणि स्पीड ०.८ असं दिसलं तर प्रोसेसर कुणीतरी दाबून धरलाय. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवायची सवय सोडा, खालची हवेची भोकं बंद होतात.

डेस्कटॉप असेल तर प्लग काढून बाजूचं झाकण उघडा आणि ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून मग हवा मारा, मोकळा गरागरा फिरला तर खराब होऊ शकतो. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारं थर्मल पेस्ट पाच-सहा वर्षांत वाळतं. ते बदलणं जमत नसेल तर दुकानात करून घ्या. कोकणात किंवा गोव्यात दमट, खारट हवेने रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क मळतात आणि कॉम्प्युटर कधी सुरू होतो, कधी नुसता बीप करतो. दुरुस्तीवाले पट्टी काढून ते संपर्क शाळेच्या खोडरबरने हलके पुसतात. उपाय गावठी वाटतो, पण चालतो. पुसल्यावर रबराचा चुरा मात्र झटकून टाका.

लॅपटॉपचा वेग दाबला जाण्याचं आणखी एक कारण क्वचितच कुणी तपासतं. काही लॅपटॉप मूळ कंपनीचा चार्जर ओळखतात. बाजारातला स्वस्त पर्यायी चार्जर लावला की पुरेशी वीज मिळेल याची खात्री नसल्याने प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात. चार्जर बदलल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर कुणाचा तरी मूळ चार्जर लावून बघा. आणि 'पॉवर मोड' बॅटरी वाचवण्यावर राहिला नाही ना, तेही बघून घ्या.

रॅम: किती आणि कोणती

इथपर्यंत जवळपास काहीच खर्च झालेला नाही. आता तेच मोजमाप पुन्हा करा. मेमरी अजूनही ८५ च्या वर असेल तर रॅम वाढवायची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' असं दिसतं. '१ ऑफ २' असेल तर आणखी एक पट्टी बसते. तिथेच वेग लिहिलेला असतो: १३३३ किंवा १६०० असेल तर पट्टी बहुधा डीडीआर३ ची, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४ ची. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा आखूड असते. काही जुन्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, म्हणून दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो काढून न्या.

त्याआधी 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'अबाउट' इथे 'सिस्टीम टाइप' वाचा. ३२-बिट विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या वरची रॅम वापरूच शकत नाही, ४ पैकीही सगळी हाती येत नाही. अशा वेळी पट्टी घेऊन उपयोग नाही, आधी ६४-बिट विंडोज नव्याने टाकावं लागेल. ब्राउझर, ऑफिस, झूम एवढंच काम असेल तर ८ जीबी पुरते. १६ चा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराला 'नको' म्हणायला हरकत नाही.

एसएसडी: खरा फरक इथे पडतो

एकाच गोष्टीवर खर्च करणं शक्य असेल आणि डिस्कच्या जागी 'एचडीडी' लिहिलेलं असेल, तर मी रॅमच्याही आधी एसएसडी घेईन. तिच्यात फिरणारं काही नाही. जिथे दांडीला दहा-पंधरा मिलिसेकंद लागत होते तिथे मिलिसेकंदाचा किरकोळ अंश पुरतो. साटा केबलवरची (जुनी हार्ड डिस्कही याच पद्धतीने जोडलेली असते) एसएसडी सलग वाचताना सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, पण तो आकडा गौण. फरक पडतो तो लहान फाइलींच्या उड्यांमध्ये. वर सांगितलेले सगळे फुकटचे उपाय मिळून जेवढं देतात त्याहून हे एकटं जास्त देतं.

आकार दोन. अडीच इंची, जी जुन्या लॅपटॉप डिस्कच्याच जागी बसते, आणि एम.२, जी च्युइंग गमच्या पट्टीसारखी असते. तुमच्या मॉडेलचं नाव शोधून खाच आहे का आणि कोणती ते बघा. २०१६-१८ च्या काही लॅपटॉपमध्ये एम.२ ची खाच असते पण ती फक्त साटा प्रकार घेते. एनव्हीएमई ही साटाहून वेगवान, महागडी एसएसडी आणली तर ती ओळखलीच जात नाही. २५६ जीबी बहुतेकांना पुरते, कारण फोटो-सिनेमे जुन्या डिस्कवर राहू शकतात. ऑनलाइन '१६ टीबी' एसएसडी हजार रुपयांत दिसली तर ती खोट्या क्षमतेची असते: फाइली चढलेल्या दिसतात, उघडायला गेलं की रिकाम्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात घ्या, पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्या.

जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन करता येतं, आणि बऱ्याच एसएसडी कंपन्या त्याचं सॉफ्टवेअर मोफत देतात. सात वर्षं वापरलेल्या मशिनवर मी मात्र विंडोज नव्यानेच टाकतो, नाहीतर कचराही नव्या घरात येतो. क्रम असा:

१. बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. 'सेटिंग्ज'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. तिच्याशिवाय जुन्या डिस्कवरचं काहीही दुसरीकडे उघडणार नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज टाकून झालं आणि इंटरनेटच नाही, अशी पंचाईत टळते.

२. ८ जीबीचा दुसरा पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून त्यावर विंडोज तयार करा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

३. कॉम्प्युटर बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर काढलेली. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा. डेस्कटॉपमध्ये जुनी डिस्क ठेवायची असली तरी विंडोज टाकेपर्यंत तिची केबल काढून ठेवा, नाहीतर सुरू होण्याचा भाग त्या डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

४. सुरू करताना एफ२, एफ१२ किंवा डिलीट, मॉडेलप्रमाणे जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंग्जमध्ये, जा. फार जुन्या मशिनवर साटाची पद्धत 'आयडीई' असेल तर ती 'एएचसीआय' करा. पेनड्राइव्हवरून सुरू करा.

५. 'प्रॉडक्ट की' विचारली तर 'माझ्याकडे नाही' असं सांगा आणि आधीचीच आवृत्ती, होम की प्रो, ती निवडा. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळाल्यावर विंडोज स्वतःच सक्रिय होतं. डिस्क निवडताना 'अनअलोकेटेड स्पेस' निवडून पुढे जा, तुकडे पाडू नका.

हे स्वतः करायचं धाडस नसेल तर दुकानात द्या, पण जुनी डिस्क परत घ्यायची हे आधीच बोलून ठेवा. ती तुमची आहे, आणि तिच्यावर तुमचं घर आहे.

विंडोज १० चं काय

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर केली. 'विंडोज अपडेट'च्या पानावरून त्यात नाव नोंदवता येतं, सेटिंग्ज खात्याशी सिंक केल्या तर पैसेही लागत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद होतात. आडवाटेने ११ टाकून देणारे आहेत, पण ४ जीबी आणि हार्ड डिस्कवर ते १० पेक्षा जास्त रखडतं.

अशा मशिनवर फक्त ब्राउझर, यूट्यूब, ईमेल आणि लिखाण चालत असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती टाका. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येते. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. टॅली, डिजिटल स्वाक्षरी आणि विंडोजसाठीच बनलेली सरकारी सॉफ्टवेअर मात्र तिथे सरळ चालत नाहीत. ज्याची रोजी त्यावर आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि ज्या मशिनवर खर्च करूच नये अशीही काही आहेत. ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरचंच, मंद) स्टोरेज आणि बोर्डावरच चिकटवलेली २ जीबी रॅम असलेले स्वस्त लॅपटॉप, किंवा कोअर २ ड्युओ या फार जुन्या प्रोसेसरच्या काळातले डेस्कटॉप. तिथे फुकटचे उपाय करा आणि थांबा.

काढलेली डिस्क

नवीन एसएसडीवर सगळं बसलं तरी जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा. हमखास काहीतरी राहिलेलं आठवतं: डिजिटल स्वाक्षरीची फाइल, आईच्या पेन्शनचा कागद. मग लॅपटॉपची डिस्क असेल तर यूएसबी ३.० चं अडीच इंची कव्हर घ्या, बाहेरची बॅकअप डिस्क तयार. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर राइट क्लिक करून 'फॉरमॅट' निवडा आणि 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते, फाइली परत काढता येतात; पूर्ण फॉरमॅटमध्ये प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला कित्येक तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा.